फायबर इंटरनेट घेताय? मग हे आधी बघा

जुनं कनेक्शन लगेच तोडू नका. नवं आठवडाभर नीट चालू दे, मग बंद करायचा अर्ज द्या. जोडणीला माणूस आला की त्याच्या पॉवर मीटरवरचा, म्हणजे केबलमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर दाखवणारा, आकडा स्वतः बघून लिहून ठेवा. उणे २० डीबीएमच्या (हे त्या जोराचं माप) आसपास असेल तर उत्तम. उणे २७ च्याही खाली गेला तर तिथल्या तिथे जोड पुन्हा करायला लावा. एकदा गेला की कोण परत फिरकतंय!

नेट गेलं तर आधी ओएनटीवरचे (फायबरची तार जिला लागते ती पेटी) दिवे बघा. एलओएस (सिग्नल गेल्याचा दिवा) लाल लुकलुकतोय म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये. केबल बाहेर तुटली असेल किंवा कपाटामागे मुडपली असेल. राउटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही, सरळ तक्रार नोंदवा. पॉन (कंपनीच्या यंत्रणेशी जोडणी झाल्याचा दिवा) स्थिर हिरवा असूनही नेट नसेल, तर गडबड बहुधा लॉगिनची किंवा सेटिंगची.

स्पीड कमी वाटला तर राउटरला लॅन केबलने कॉम्प्युटर जोडून मोजा. तिथे पूर्ण मिळाला तर दोष वायफायचा. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दोन भिंतींपलीकडे ढेपाळतोच. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि केबलवरही ९४-९५ वरच अडकलाय? मग बहुतेक केबल किंवा पोर्टच १०० चा आहे, कंपनीशी भांडण्याआधी ते तपासा.