अर्काचा रंग आणि त्वचेचं रक्षण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ग्रीन टीचा अर्क घरीच काढून चेहऱ्याला लावते. रात्रीतून तो तपकिरी पडतो. तरी वापरावा का?

उत्तर : नको. ज्या कॅटेचिनांसाठी (चहातल्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांसाठी) एवढी खटपट केली, त्यांचंच ऑक्सिडीकरण होऊन हा रंग येतो. पाण्याचा सामू (पीएच) ७ किंवा त्याहून जास्त असेल तर हे झपाट्यानं घडतं. ४ ते ५ च्या दरम्यान कॅटेचिनं बरीच तग धरतात. लोह आणि तांब्याचे अंश या क्रियेचा वेग वाढवतात, तेव्हा लोखंडी किंवा तांब्याचं भांडं नकोच.

सुकी पानं २ ग्रॅम आणि डिस्टिल्ड वॉटर १०० मिली घ्या. पाणी ८० अंश सेल्सिअसला आणून त्यात पानं ५ मिनिटं ठेवा आणि गाळा. गार झाल्यावर सायट्रिक अ‍ॅसिड कणाकणानं घालत पीएच पट्टीवर ४.५ आणा. गडद काचेची लहान बाटली काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा उरत नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांनी उरलेला अर्क ओतून द्या, रंग चांगला दिसत असला तरीही. परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेल्या अर्कात जिवाणू वाढतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि थंडीनं ते मरत नाहीत, फक्त मंदावतात.

प्रश्न : जास्वंदीच्या अर्काची डीपीपीएच चाचणी (डीपीपीएच या द्रव्याचा जांभळा रंग अर्क किती घालवतो यावरून त्याची अँटिऑक्सिडंट ताकद मोजणारी) करतो आहे. मात्रा वाढवली की रंग गेल्याची टक्केवारी उलट घटते. असं का?

उत्तर : संशय अर्काच्या रंगावर घ्या. डीपीपीएचचा जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरवर मोजतात आणि जास्वंदीतली अँथोसायनिनं (लाल रंगद्रव्यं) त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतात. जांभळा विरतो तेवढ्यात लाल वाढतो. यंत्राला फरक कळत नाही. म्हणून प्रत्येक मात्रेचा वेगळा ब्लँक हवा : अर्क तेवढाच, डीपीपीएचऐवजी मिथेनॉल. ते वाचन वजा करा. डीपीपीएच ०.१ मिलिमोलार, त्याच दिवशी केलेलं, आणि मिश्रण अंधारात ३० मिनिटं. अर्क पाण्यातला असेल तर फुलांतला बुळबुळीत पदार्थ मिथेनॉलमध्ये साकळून द्रावण गढूळ होतं; तसं दिसलं तर वाचनाआधी सेंट्रिफ्यूज करा.

आयसी-५० (निम्मं डीपीपीएच निष्प्रभ करायला लागणारी मात्रा) कमी आला म्हणून प्रबंधात ‘त्वचारक्षक’ लिहू नका. ही परीक्षानळीतली रासायनिक क्रिया आहे. साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठे रेणू त्वचेच्या वरच्या थरातून सहजी आत जात नाहीत, त्यामुळे परीक्षानळीत गाजलेली मोठी टॅनिनं (वनस्पतींतली तुरट द्रव्यं) बरीचशी वरच राहतात. निदान त्वचापेशींवर अतिनील किरणांची चाचणी हवीच.

प्रश्न : असे अर्क लावले तर सनस्क्रीन सोडता येईल का?

उत्तर : नाही. अँटिऑक्सिडंट किरण अडवत नाहीत. किरणांमुळे तयार झालेल्या मुक्त मूलकांपैकी (पेशींना इजा करणाऱ्या क्रियाशील रेणूंपैकी) काहींना निष्प्रभ करतात. सनस्क्रीनखाली लावायला हरकत नाही. मात्र बावचीचा अर्क आणि लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात जाऊ नका. बावचीतलं सोरालेन आणि सालीतली त्याच कुळातली द्रव्यं ऊन लागल्यावर त्वचा भाजल्यासारखी करतात, फोड येतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.