परजीवी, परोपजीवी आणि परग्रहावरचा जीव

प्रश्न असा आहे: अंतराळातून आलेला जीव माणसाच्या शरीरात वाढतो आणि शेवटी त्याचा जीव घेऊन बाहेर पडतो. अशा विज्ञानकथांच्या अनुवादात त्या जीवाला कुठे 'परजीवी' म्हटलेलं दिसतं, कुठे 'परोपजीवी'. दोन्ही एकच का? आणि 'परग्रह'मधला 'पर' इथेही असेल, तर 'परग्रहावरचा जीव' या अर्थी 'परजीवी' चालेल का?

शेवटचं आधी सांगतो: नाही चालणार. 'पर' दोन्हीकडे एकच आहे, 'दुसरा, आपला नव्हे' या अर्थाचा. पण परग्रह म्हणजे दुसरा ग्रह, तर परजीवी म्हणजे दुसरा जीव नव्हे; परजीवी म्हणजे दुसऱ्यावर जगणारा. श्रमजीवी, बुद्धिजीवी यांच्याच घडणीचा हा शब्द. 'परग्रहवासी' त्या जीवाचा पत्ता सांगतो, 'परजीवी' त्याचं दुसऱ्या जीवाशी असलेलं नातं सांगतो. आपल्या पोटातला जंत परजीवी आहे आणि तो पक्का पृथ्वीवासी आहे.

परोपजीवी म्हणजे पर + उपजीवी. 'उपजीविका'मधलं उपजीवन ते हेच. अर्थ परजीवीचाच. मराठी विश्वकोशात 'जीवोपजीवी' असाही शब्द भेटतो. तिन्ही बरोबर आहेत. मी लिहिताना 'परजीवी' घेतो, कारण तो सुटसुटीत आहे.

खरी अडचण पुढे आहे. कथेतल्या त्या जीवाला यातला एकही शब्द नेमका बसत नाही.

परजीवीला सहसा आपला यजमान, म्हणजे ज्या जीवावर तो जगतो तो, मेलेला परवडत नाही. बांडगूळ झाडाचं पाणी शोषतं, पण झाड वाळलं की तेही वाळतं. (बांडगुळाला आपण भाषेत फुकटखाऊपणाचं प्रतीक करून टाकलं आहे, पण त्याची पानं हिरवी असतात आणि ते स्वतःचं अन्न बऱ्यापैकी स्वतः तयार करतं. पूर्ण परावलंबी म्हणायचं तर अमरवेल.) परभक्षी, म्हणजे शिकारी, याच्या उलट वागतो: तो मारतोच, पण आयुष्यभरात अनेकांना. या दोहोंच्या मधे एक तिसरा प्रकार आहे. तो एकाच यजमानाच्या शरीरावर किंवा शरीरात वाढतो आणि वाढ पूर्ण होताना त्याला हमखास मारतो. मृत्यू हा तिथे अपघात नसतो, जीवनचक्राचा टप्पाच असतो. फिनलंडचे कीटकशास्त्रज्ञ ओ. एम. रॉयटर यांनी १९१३ मध्ये या प्रकाराला 'पॅरासिटॉइड' असं वेगळं नाव दिलं. विज्ञानकथेतला छाती फोडून बाहेर येणारा जीव हा असा पॅरासिटॉइड आहे.

पृथ्वीवर हे काम प्रामुख्याने गांधीलमाश्यांचे नातलग करतात. इक्न्यूमोनिडी या एकाच कुळाच्या पंचवीस हजारांच्या आसपास जातींचं वर्णन झालं आहे. चार्ल्स डार्विन यांनी २२ मे १८६० रोजी वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांना पत्र लिहिलं, त्यात याच माश्यांचा उल्लेख आहे: सुरवंटाच्या जिवंत शरीरातून आपलं पोट भरण्यासाठी दयाळू ईश्वराने या माश्या मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. ग्लिप्टापँटेलिस या वंशातल्या एका माशीच्या अळ्या सुरवंटातून बाहेर पडून कोष विणतात, तेव्हा तो पोखरलेला सुरवंट मरत नाही. कोषांवर पहारा देतो, जवळ येणाऱ्या किड्यांना डोकं आपटून हाकलतो. परग्रहावरच्या जिवाने माणसाच्या मनाचा ताबा घेतल्याच्या कथा मी आवडीने वाचतो, पण या सुरवंटाइतकं मला कशानेच हलवलेलं नाही.

आपल्या परंपरेनेही हे दृश्य पाहिलेलं आहे, फक्त अर्थ निराळा लावला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये 'पेशस्कृत' हा कीटक येतो; म्हणजे मातीचं घर बांधणारी भृंगी, आपली कुंभारीण माशी. त्याने आपल्या घरट्यात कोंडलेली अळी त्याचंच ध्यान करत करत त्याच्यासारखी होते, असा तो दृष्टान्त. याच स्कंधावर एकनाथांची टीका आहे, आणि मराठीत हा 'कीटभृंग न्याय' रुजला आहे. मातीच्या बंद घरात अळी गेली आणि माशी बाहेर आली, हे निरीक्षण अचूक होतं. आतली अळी खाल्ली गेली आणि बाहेर आलं ते भृंगीचं पिल्लू, एवढंच दिसत नव्हतं. मात्र घरट्यात आयता शिधा भरून ठेवणाऱ्या कुंभारणीला जीवशास्त्रात शिकारी म्हणतात, पॅरासिटॉइड नव्हे.

मग मराठी शब्द कोणता? शेतीविषयक लेखनात ट्रायकोग्रामासारख्या (किडींच्या अंड्यांत वाढणारी चिमुकली माशी) मित्रकीटकांना 'परोपजीवी कीटक' म्हणतात. शिकार करणारे ते 'परभक्षी', ही जोडी तिथे चांगली रुळली आहे आणि ती मोडू नये. कथेत मात्र मारण्याचा भाग दिसायला हवा, म्हणून मी 'यजमानघाती परजीवी' असं सुचवेन. 'जीवघेणा परजीवी' नको; मलेरियाचा परजीवीही जीवघेणा ठरू शकतो, पण माणूस मेल्यावाचून त्याचं चक्र अडत नाही.

अनुवादकाने आणखी एक ध्यानात घ्यावं. नातं जुळायला काळ लागतो. सुरवंटाच्या रक्तातल्या पेशी परक्या अंड्याला वेढून मारून टाकतात. त्यांना निकामी करण्यासाठी कोटेशियासारख्या माश्या अंड्याबरोबर विषाणूचे कण टोचतात, आणि त्या विषाणूची जनुकं सुमारे दहा कोटी वर्षांपासून माश्यांच्याच डीएनएमध्ये मुरलेली आहेत. म्हणूनच अशा कित्येक जाती मोजक्याच यजमानांवर जगू शकतात. ज्याचा आपल्याशी काहीच पूर्वसंबंध नाही, त्या परग्रहवासीला माणसाचं शरीर मानवणं फार कठीण. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची डावी आणि उजवी अशी दोन रूपं असू शकतात, आरशातल्या प्रतिबिंबांसारखी; आपली प्रथिनं डाव्या घडणीची असतात. त्याची उजव्या घडणीची निघाली, तर आपण त्याला पचणारसुद्धा नाही. त्यामुळे एखादा जीव परग्रहवासी आणि परजीवी दोन्ही असेल, तर ते कसं जमलं याचं उत्तर कथेने दिलं पाहिजे. कथा ते देत असेल तर 'परग्रहवासी परजीवी' असं खुशाल लिहा.

लेखनाबद्दल एवढंच: 'परजीवी' सुटा लिहिताना दीर्घ, पण समासात आधी आला की ऱ्हस्व. विद्यार्थिगृह, तसं परजीविशास्त्र.