आजोबांच्या डब्यातली नाणी कशी लावू आणि त्यांची नोंद कशी ठेवू?

स्वतंत्र भारताची नाणी असतील तर आधी मूल्यानुसार ढीग करा, मग सालवार लावा. खरी गंमत सालाच्या खाली असते. तिथली छोटी खूण नाणं कुठे पाडलं ते सांगते: बहुधा हिरा म्हणजे मुंबई टांकसाळ, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. म्हणून एकाच सालाची दोन नाणी सारखी समजून एक देऊन टाकू नका, भिंगातून बघा. ‘नया पैसा’ लिहिलेली, १९५७ पासूनची नाणी वेगळी ठेवा.

वहीत क्रमांक, मूल्य, साल, टांकसाळ, धातू, वजन आणि नाणं कुठून आलं ते लिहा. हा शेवटचा रकाना आजोबांना विचारून आजच भरा.

आणि कृपा करून चिंचेने घासू नका! पीव्हीसीची पाकिटंही नकोत, त्यांनी नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो.