वाचकांचे प्रश्न : मालदीवच्या प्रवाळांवर

फेब्रुवारीत आम्ही दोघं पाच रात्रींसाठी मालदीवला जातोय. सगळ्याच रिसॉर्टच्या फोटोंत निळंशार पाणी दिसतं. किनाऱ्यावरून पोहत जाऊन प्रवाळ बघता येतील असं बेट ओळखायचं कसं? (ठाणे)

फोटो बाजूला ठेवा आणि बेटाचं उपग्रहचित्र मोठं करून बघा. वाळूला लागून फिकट पिस्तारंगी पट्टा दिसतो, ते उथळ लगून, म्हणजे प्रवाळांच्या आतलं शांत पाणी. त्याला लागून तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा पट्टा दिसतो, ते प्रवाळांचं पठार. जिथे रंग एकदम गडद निळा होतो ती प्रवाळभिंतीची कड. मासे आणि कासवं जास्त करून त्या कडेवरच भेटतात. नकाशातल्या मोजपट्टीने वाळूपासून कडेपर्यंतचं अंतर मोजा. 50 मीटरच्या आसपास असेल तर दिवसातून तीनदा जाल. 200 च्या पुढे गेलं तर बोटीची वाट बघत बसाल. रुंद लगून फोटोत देखणं दिसतं, पण त्याच्या तळाशी बहुतेक नुसती वाळू असते.

बुकिंगआधी रिसॉर्टला दोन गोष्टी विचारा : कडेकडे जायची खुणेची वाट कुठून आहे, आणि ओहोटीला पठारावर किती पाणी उरतं? गुडघाभर पाण्यात पठार ओलांडायला गेलात तर पोट-गुडघे खरचटतात, त्या जखमा लवकर भरत नाहीत आणि पायाखाली प्रवाळ मोडतात ते वेगळंच.

फेब्रुवारी उत्तम, पाणी शांत आणि स्वच्छ असतं. मात्र मांटा रे (मोठे चपटे मासे) बघायला बा अटॉल या बेटसमूहातली हनिफारू खाडी मनात असेल, तर तिचा हंगाम साधारण जून ते नोव्हेंबर. आणखी एक, 1998 आणि 2016 मध्ये पाणी तापून मालदीवचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. उथळ भागात राखाडी सांगाडे दिसले तर फसवणूक झाली असं समजू नका. मासे तरीही भरपूर असतात. सी-प्लेनने (पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने) जायचं बेट घेत असाल तर मुंबईहून सकाळचं विमान बघा. सी-प्लेन अंधारात उडत नाही, उशीर झाला तर एक रात्र राजधानी मालेत जाते.

नवरा पट्टीचा पोहणारा, पण त्याला मिशी आहे आणि चष्माही. मला पोहता येत नाही. मास्कमध्ये पाणी शिरलं की मी घाबरते. (नाशिक)

मास्क शक्यतो स्वतःचे न्या. पारख सोपी आहे : पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास ओढा, हात सोडा. खाली पडला नाही तर तो तुमचा. पाणी शिरायला लागलं की जो-तो पट्टा आवळतो, आणि तिथेच चुकतं. आवळल्याने सिलिकॉनची कड मुडपते आणि पाणी आणखी शिरतं. पट्टा कानांच्या वर, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, सैलसर हवा. कडेखाली केसाची एक बट अडकली तरी पुरते. मिशीवर खरा उपाय म्हणजे नाकाखालची बारीक पट्टी साफ करणं. ते जमणार नसेल तर तिथे व्हॅसलीनचा जाडसर थर द्या. चष्म्यासाठी नंबरच्या काचांचे मास्क अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने मिळतात. पाण्यात सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं, त्यामुळे अर्धा नंबर कमी असला तरी चालून जातं.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, म्हणून तो सारखा धुरकटतो. घरीच साधी पांढरी टूथपेस्ट काचेला आतून बोटाने चोळा, धुवा, असं दोन-तीनदा करा. पुढे दरवेळी बेबी शाम्पूचा एक थेंब फिरवून विसळला की काम होतं.

आता तुमचं. गावातल्या पोहण्याच्या तलावावर चार-पाच दिवस आधी सराव करा. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून फक्त चेहरा बुडवा आणि तोंडात धरायच्या नळीतून (स्नॉर्केल) सावकाश वीस श्वास घ्या. आत घेताना जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडताना लावा. भीतीने श्वास उथळ होतो, मग नळीतली तीच शिळी हवा पुन्हा आत येते आणि जीव घुसमटतो. नळीत पाणी आलं तर एकदाच, जोरात ‘फू’ करा. त्यासाठी छातीत थोडी हवा कायम राखून ठेवा. पूर्ण चेहऱ्याचा मास्क घेऊ नका. घाबरल्यावर नळी तोंडातून थुंकून टाकता येते, तो मास्क मात्र पट्ट्यांनी डोक्याला जखडलेला असतो. लाइफ जॅकेट मांड्यांमधून पट्टा येणारं मागा, नाहीतर ते हनुवटीपर्यंत वर सरकतं. आणि नवऱ्याने पुढे नाही, तुमच्या शेजारून पोहायचं. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

मागच्या सहलीत प्रवाळांच्या कडेने पोहत गेलो ते सहज, पण परतताना दमछाक झाली. वारा तर अजिबात नव्हता. असं का झालं? (पुणे)

जाताना तुम्ही पाण्याच्या ओढीबरोबर गेलात, म्हणून सोपं वाटलं. ही ओढ भरती-ओहोटीमुळे असते. वारा पडलेला असला तरी ती असतेच, आणि दोन बेटांमधल्या खिंडीत सगळ्यात जास्त. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणामुळे ती आणखी वाढते. कडेवर पोचलात की तळाचा एक खडक हेरा आणि हातपाय न हलवता तीसपर्यंत मोजा. किती सरकलात ते कळेल. माशांकडेही बघा, कडेवरचे लहान थवे ओढीकडे तोंड करून पोहत असतात. आधी त्यांच्या तोंडाच्या दिशेने जायचं, म्हणजे परतीला पाणीच घरी आणतं.

ओढीत सापडलात तर तिच्याशी झुंजू नका. तिला आडवं कापत पठाराकडे वळा, तिथे ती सहसा मंदावते. जमत नसेल तर तरंगत राहून एक हात उंच हलवा. पोटरीत गोळा आला तर पाठीवर तरंगत फिनचं (पायातल्या रबरी वल्ह्याचं) टोक धरून आपल्याकडे ओढा.

मोठा टायटन ट्रिगरफिश अंगावर आला तर वर पळू नका. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या बाजूला नरसाळ्यासारखी रुंदावत जाते. त्याच्याकडे फिन करून आडवे दूर व्हा.

शेवटच्या दिवशी एकदा स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी) करून बघू का? (रत्नागिरी)

शेवटच्या दिवशी नको. एका बुडीनंतर (डाइव्ह) विमानापूर्वी किमान 12 तास, एकाहून जास्त केल्यास 18 तास जाऊ द्यावे लागतात. सी-प्लेनही विमानच. स्कूबा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उरका. नुसतं नळी-मास्क लावून पाण्यावर तरंगायला मात्र निघायच्या सकाळपर्यंत काहीच आडकाठी नाही.