रोज प्राणायाम करूनही सिंहगड चढताना मला दम का लागतो? फुफ्फुसं कमजोर झाली असतील का?

बहुतेक वेळा फुफ्फुसांचा काही दोष नसतो. मलाही तुमच्यासारखीच शंका होती. म्हणून करोनात घेतलेला ऑक्सिमीटर खिशात टाकून एका रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं निघालो. निम्म्या चढावर एका दगडावर बसलो, बोट घातलं. ऑक्सिजन 97, नाडी 158. जीव मेटाकुटीला आलेला, आणि रक्तात ऑक्सिजन मात्र ठणठणीत!

होतं असं की चढावर मांड्यांना जेवढं रक्त हवं असतं तेवढं हृदय पोचवू शकत नाही. मग स्नायू थोडं काम ऑक्सिजनवाचून रेटतात, रक्तातली आम्लता वाढते आणि ती उतरवायला मेंदू श्वास वाढवतो. भाता धडधडतोय, पण अडलंय पंपाशी. बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त फिरवतं. जोर लावल्यावर सामान्य माणसाचं 20 लिटरच्या आसपास जातं, मुरलेल्या धावपटूचं 30 च्याही वर. एकाच वयाच्या दोघांचे कमाल ठोके जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं त्यात. आणि ते मांडी घालून बसून वाढत नाही. (प्राणायाम सोडू नका, मन शांत राहायला मीही करतो. पण त्याच्याकडून गड चढायची अपेक्षा नको.)

1966 साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवून ठेवलं. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर पन्नाशीतही ते त्या तीन आठवड्यांनंतरच्या अवस्थेपेक्षा बरे निघाले! मग सहा महिने चालणं, जॉगिंग, सायकल. क्षमता परत विशीतल्या, म्हणजे झोपवण्याआधीच्या पातळीवर आली. वयाला नावं ठेवण्याआधी खुर्चीकडे बघा, असं मी म्हणतो ते यामुळे.

मी आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं भरभर चालायला लागलो. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. शनिवारी पर्वतीच्या पायऱ्या.

एक मात्र नीट वाचा. चढताना छातीत दाब येत असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, चक्कर येत असेल, पायांवर सूज असेल किंवा पूर्वी सहज जमणारा जिना अचानक जड जात असेल, तर गड राहू द्या. आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा.

पाच महिन्यांत माझी सकाळची नाडी 80 वरून 68 वर आली. दम अजूनही लागतो, पण आता त्या दगडावर बसत नाही, थेट पुणे दरवाजात टेकतो.