पाचव्या महिन्यात 'डोक्यात पाणी' लिहून आलं, थेट एमआरआय करावा का?

प्रश्न असा: 'बायकोला २० वा आठवडा चालू आहे. अनॉमली स्कॅनमध्ये (बाळाचे दोष बघणारी सोनोग्राफी) बाळाच्या मेंदूतलं व्हेंट्रिकल (पाण्याची पोकळी) १०.८ मिमी आलं. डॉक्टर म्हणतात, दोन आठवड्यांनी परत सोनोग्राफी करू. साळा म्हणतो, वेळ घालवू नका, एमआरआय करा. नागपुरात चांगला कुठे होतो? फिल्मचा फोटो टाकला आहे.'

भाऊ, आत्ता एमआरआय करू नका. डॉक्टर बरोबर सांगताहेत. फक्त दुसरी सोनोग्राफी फिटल मेडिसिनचं, म्हणजे पोटातल्या बाळाच्या आजारांचं काम रोज करणाऱ्याकडे करा.

फोटोत मेंदूची मधली रेघ मध्यावर नाही, एक बाजू मोठी आणि एक लहान दिसते. म्हणजे काप तिरपा गेलाय. पुढच्या भागात कॅव्हम सेप्टी पेलुसिडीची, म्हणजे मध्यावरच्या एका पाण्याच्या पोकळीची, छोटी चौकट दिसायला हवी, ती नाही. कॅलिपरची (माप घ्यायच्या दोन खुणांपैकी) एक खूण व्हेंट्रिकलच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेवर टेकलीय. तिरपा काप आणि बाहेरची कड, दोन्ही चुका आकडा वाढवणाऱ्याच. नॉर्मलची हद्द १० मिमीची आहे. ९.५ चे १०.८ व्हायला एवढं पुरतं.

सोनोग्राफी करणाऱ्याने माप घ्यायचं ते डोक्याच्या आडव्या कापात. मधली रेघ दोन्हीकडून सारख्या अंतरावर, समोर कॅव्हम, मागे कोरॉइड प्लेक्ससचा (हे पाणी तयार करणारा भाग) गोळा. मेंदूच्या मागच्या भागातल्या पॅरायटो-ऑक्सिपिटल खाचेच्या पातळीवर, व्हेंट्रिकलच्या लांबीला काटकोनात, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. चित्र एवढं मोठं करा की डोक्याने स्क्रीन भरली पाहिजे. प्रोबजवळची बाजू कवटीच्या प्रतिध्वनीत धुरकट होते, म्हणून बरेच जण लांबची मोजतात आणि 'दोन्ही सारख्या' लिहून मोकळे होतात. हे मला मुळीच पटत नाही. प्रोबचा कोन बदला, आईला कुशीवर वळवा, नाहीतर अर्धा तास फिरून यायला सांगा. बाळाचं डोकं खाली असेल तर योनिमार्गातून बघा, मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा, कॉर्पस कॅलोसमही उभ्या कापात नीट सापडतो.

एवढं न करता रिपोर्टच्या तळाशी 'एमआरआय को-रिलेशन' (एमआरआयशी ताडून बघा) लिहायला काहीच लागत नाही. एमआरआयवाल्याकडे चिठ्ठी पोचते, 'रूल आउट अ‍ॅनॉमली', म्हणजे दोष नाही ना बघा. कोणती बाजू, किती मिमी, कॅव्हम होता की नाही, काही नाही. यावरून मी सहकाऱ्यांशी भांडत आलोय आणि अजून भांडतो.

साळ्याच्या बाजूचंही सांगतो. ब्रिटनच्या मेरिडियन अभ्यासात, २०१७ साली, बाळाच्या मेंदूचं निदान सोनोग्राफीने ६८ टक्के आणि एमआरआयने ९३ टक्के बरोबर निघालं. पण त्यातल्या बाया फिटल मेडिसिनच्या सोनोग्राफीत मेंदूचा दोष दिसल्यावरच एमआरआयला गेल्या होत्या. शिवाय २० व्या आठवड्यात मेंदू जवळपास गुळगुळीतच असतो, मधली सेंट्रल खाच २६-२७ आठवड्यांच्या आसपास दिसू लागते. ज्या वळ्या अजून पडल्याच नाहीत त्या बिघडल्यात का, हे कोणतं मशीन सांगणार? २२ आठवड्यांनंतर एमआरआयला अर्थ येतो, वळ्यांचा प्रश्न असेल तर २८ ते ३२ मध्ये.

दुसऱ्या मापातही १० ते १२ मिमी आलं आणि बाकी सगळं नीट असेल तर दहापैकी नऊहून जास्त बाळांची वाढ नॉर्मल होते. तरी सीएमव्ही आणि टॉक्सोप्लाझ्मा या आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी करा आणि गर्भजल तपासणीबद्दल विचारा. १५ मिमीच्या वर गेलं किंवा कॅलोसम दिसलाच नाही, तर एमआरआयला मीच पाठवीन.

कुठे करायचा? नागपुरात धंतोली-रामदासपेठेत दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन शोधावं लागत नाही. विचारायचं ते हे की गर्भाच्या मेंदूचे रिपोर्ट महिन्याला किती लिहिता. गॅडोलिनियमचं (चित्र उठून दिसावं म्हणून देतात ते) इंजेक्शन देत नाहीत, रेडिएशन नाही. अर्धा-पाऊण तास डाव्या कुशीवर पडून राहायचं. लघवी करून जा. मंगळसूत्र, हेअरपिना काढतात, जोडवी हमखास विसरतात आणि मग दारातून परत फिरावं लागतं. बाळ हललं की तो सीक्वेन्स (चित्रांचा संच) पुन्हा, म्हणून वेळ लागला तर घाबरू नका.

आणखी तीन गोष्टी. फोटोवरून मी निदान देत नाहीये, माप कसं चुकतं तेवढं सांगितलं. आणि तारखा सांभाळा: २४ आठवड्यांनंतर गर्भपाताचा निर्णय मेडिकल बोर्डाकडे जातो, म्हणून दोन आठवड्यांचे चार होऊ देऊ नका. आपल्या विदर्भात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे, तो सोनोग्राफीत दिसत नाही आणि एमआरआयतही नाही. दोघांचं रक्त तपासलं नसेल तर उद्याच द्या.