टिकटिक म्हणजे टॅपेटच, हे ठरवलं कोणी?

सकाळी गाडी चालू केली की टिकटिक येते, पाच-सात मिनिटांत थांबते, गॅरेजवाला टॅपेट (इंजिनातल्या झडपा उघडणारा भाग) म्हणतोय, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडू का, असं तुम्ही विचारलंय. उघडू नका. निदान एवढ्यावरून तरी नाही.

माझ्या २०१३ च्या पेट्रोल गाडीचं हेच झालं होतं. गाड्यांच्या बाबतीत आमच्या घरात दाजींचा शब्द शेवटचा. त्यांनी बॉनेटही न उघडता टॅपेट म्हणून सांगितलं आणि पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असताना २०डब्ल्यू-५० ऑइल घालायला लावलं. गार इंजिनात जाड ऑइल वर चढायला उलट जास्त वेळ घेतं, एवढं मी म्हणालो, तर "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणाले. महिनाभर टिकटिक जशीच्या तशी. गॅरेजवाल्याने हेडचे २४ हजार सांगितले.

आमचे बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. मशीनच्या बेअरिंगला पेचकस टेकवून ऐकायचे. एका रविवारी सकाळी, गाडी रात्रभर गार पडलेली असताना, कोलशेतला सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी त्यांचाच लांब पेचकस घेतला. टोक व्हॉल्व्ह कव्हरवर (टॅपेटवरच्या झाकणावर), मूठ कानापुढच्या हाडावर. टॅपेट असता तर तिथे खणखणीत वाजला असता. नुसती घरघर होती. मग हातभर रबरी पाइपचं एक टोक कानाशी धरून दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, कडेने फिरवलं. पहिल्या सिलिंडरपाशी फुस्, फुस्, फुस्. टॉर्च मारला तर जोडावर बोटभर लांब काजळी आणि एक स्टड (तो जोड आवळणारा बोल्ट) तुटलेला! धातू तापून फुगला की फट बुजायची आणि आवाज बंद. एका सिलिंडरची गळती काय नि एक टॅपेट काय, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच वाजतात, त्यामुळे ठेक्यावरून काही कळत नाही. भार पडला की मात्र गळतीचा आवाज वाढतो. गार गाडी सोसायटीच्या रॅम्पवर चढवून बघा.

गॅस्केट (त्या जोडातली पट्टी), स्टड, मजुरी मिळून अडीच हजार लागले. दाजी अजून म्हणतात, ऑइलनेच फरक पडला. ऑइल महिनाभर आधी घातलं होतं, आवाज गॅस्केट बदलल्या दिवशी गेला. यात वाद कसला?

तुमचंही गॅस्केटच असेल असं नाही. ढिला स्पार्क प्लगही असाच वाजतो, आणि इंजेक्टरची बारीक टिकटिक तर नेहमीचीच असते. पाइप फिरवताना बेल्ट-पंख्यापासून हात आणि बाह्या लांब ठेवा, बंद बेसमेंटमध्ये हे करू नका, एक्झॉस्टचा धूर जीवघेणा असतो. आवाज खोल ठकठक असेल, तापल्यावर वाढत असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर माझं काही ऐकू नका, इंजिन बंद करून गाडी टो करून न्या.

आणि ऑइल पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला, सांगणारा घरातला कितीही मोठा असला तरी.